गव्हर्नरसाहेबांचा बुधवार

१

गव्हर्नर ऑरिन लायडेकर गुरुवारी सकाळी गेले, ही बातमी सगळ्या राज्यानं रेडिओवर ऐकली. शाळा सुटल्या, खाणींचे भोंगे वाजले. विधानभवनाच्या घुमटाखाली त्यांना ठेवलं तेव्हा डोंगरातून उतरून आलेली माणसं बर्फात रांग लावून उभी राहिली. रविवारी त्यांच्या गावी, टॉलिव्हर काउंटीत, दफन झालं.

सोमवारी एमेट पिकन्स माझ्या कचेरीत आला. राजधानीतल्या बड्या लोकांचे अंत्यविधी पिकन्सच करतो. मृतदेहाला आंघोळ, कपडे, रंगरंगोटी, सगळं त्याच्याच हातचं. टोपी हातात फिरवत तो समोर बसला.

"नीव्हा, मला एक गोष्ट खुपतेय," तो म्हणाला. "साहेबांच्या हनुवटीखाली वस्तऱ्यानं कापलेलं होतं. चांगलं खोल. मी मेण भरून बुजवलं."

"म्हातारा माणूस. दाढी करताना लागलं असेल."

"लागलं तर रक्त येतं. खपली धरते. ही जखम कोरडी होती गं. पांढरी फटक."

मी पेन खाली ठेवलं.

"मी वस्तरा लावलाच नाही," पिकन्स म्हणाला. "मी पोचलो तेव्हा दाढी केलेलीच होती. आणि बाईसाहेब मला म्हणाल्या, बुधवारी सकाळीच केली होती, नेहमीसारखी. गुरुवारी उठून बघतात तर साहेब गार."

"म्हणजे?"

त्यानं दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणला.

"म्हणजे बुधवारी सकाळी ज्याची दाढी झाली, तो माणूस तेव्हाच मेलेला होता."

२

राज्य पोलिसांत तपासाचं काम करणारी मी तेव्हा एकटीच बाई होते, त्यामुळं माझ्याकडं आलेली गोष्ट लपत नसे. दुसऱ्याच दिवशी ॲटर्नी जनरल एव्हरेट रँडल यांनी मला बोलावून घेतलं. पिकन्सची मेहुणी त्यांच्या कचेरीत टायपिंग करते, हे मला तिथं गेल्यावर आठवलं.

रँडल देखणा माणूस. केस पांढरे, दात त्याहून पांढरे. गव्हर्नर व्हायचं स्वप्न तो इतकी वर्षं बघत होता की आता ते स्वप्नच त्याच्याकडं बघून कंटाळलं असावं.

"सार्जंट स्ट्राउड, घटनेतलं टर्मचं कलम वाचलंय कधी?"

"शाळेत."

"मग उजळणी करू. आपल्याकडं गव्हर्नरची टर्म चार वर्षांची. सलग दोनदाच निवडून येता येतं. लायडेकरांची ही दुसरी होती. आता गव्हर्नर मधेच वारला आणि दुय्यम गव्हर्नर त्याच्या खुर्चीत बसला, तर उरलेला काळ कुणाच्या नावावर मांडायचा? कलम म्हणतं, निम्म्याहून जास्त टर्म उरली असेल तर ती नव्या माणसाची एक आख्खी टर्म धरा. मग त्याला पुढं एकदाच लढता येईल. पण निम्मी उलटून गेली असेल तर काहीच धरू नका. तो पुढं दोनदा लढायला मोकळा."

"आणि निम्मी कधी उलटली?"

रँडल हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता, भूक होती.

"गेल्या बुधवारी. दुपारी बाराला."

मी वही काढून तारीख लिहून घेतली.

"डेल्बर्ट क्रेननं गुरुवारी शपथ घेतली," तो पुढं म्हणाला. "उरलेली दोन वर्षं, वर दोन टर्म. दहा वर्षं तो हलत नाही. तोवर मी थांबलो तर मला प्रचाराला नाही, कबरस्तानातच न्यावं लागेल. पण लायडेकर बुधवारच्या दुपारआधी गेले असतील, तर क्रेनला एकच संधी. कुणीतरी मेलेला माणूस दिवसभर जिवंत ठेवलाय, सार्जंट. मला तो कुणीतरी हवाय."

"पुरावा काय, एका कापल्याचा?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी कोर्टात जाऊन कबर उकरायची परवानगी मागतो."

मी आदल्या रविवारी त्या कबरीपाशी उभी होते. गोठलेली जमीन फोडायला माणसांना पहारी लागल्या होत्या. साहेबांच्या पत्नी ॲल्थिया लायडेकर एकट्या, काळा कोट घालून, खड्ड्याच्या इतक्या काठाशी उभ्या होत्या की कुणीतरी त्यांचा दंड धरला.

तो दंड मीच धरला होता. कोटाच्या आत जणू हाडंच होती.

३

डॉक्टर एमस व्हिटलो आणि लायडेकर एका बाकावर शिकलेले. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, पण ते आत बसले होते, कोट न काढता.

"मी मंगळवारी दुपारी बघून आलो होतो," ते म्हणाले. "हृदय थकलं होतं त्याचं. आठवडा काढेल असं वाटलं होतं. संध्याकाळपासून बर्फ सुरू झालं, बुधवारी रस्ते बंद. गुरुवारी पहाटे ॲल्थियाचा फोन आला तेव्हा बर्फ सारायचा नांगर लावलेल्या ट्रकमधून गेलो."

"अंग कसं होतं?"

"ताठ. गार. रात्रीच केव्हातरी गेला, असं लिहून दिलं."

"खोली कशी होती?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"खोली गार होती."

"किती गार, डॉक्टर?"

"खिडकी उघडी होती. ॲल्थिया म्हणाली, पहाटे उघडली, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. आमच्या डोंगरात तशी रीत आहे."

"पहाटे उघडली, आणि तुम्ही पोचेपर्यंत खोली गार झाली. आणखी काय होतं तिथं?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "उशाशी ग्लास होता. त्यात त्याची कवळी. पाणी तळापर्यंत गोठलं होतं, नीव्हा. दात बर्फात रुतून बसले होते. मी ग्लास उचलला आणि... आम्ही लहानपणी गोठलेल्या ओढ्यात बेडूक बघायचो, मला तेच आठवलं. आणि मी तो परत खाली ठेवला."

"तासाभरात ग्लास तळापर्यंत गोठत नाही."

"नाही."

"आणि गार खोलीत मेलेलं अंग जास्त काळ ताठ राहतं. काल गेलेला माणूस आज गेल्यासारखा दिसतो."

"ते मला शिकवू नकोस." त्यांचा आवाज फाटला. "मी त्याचा मित्र होतो. मला त्या दिवशी डॉक्टर व्हायचं नव्हतं."

मी उठले. दारात असताना ते म्हणाले, "आजारात त्यानं घरात नर्स येऊ दिली नाही. लोकांना दुबळा दिसू नये म्हणून. सगळं ॲल्थियानं केलं. त्या खोलीत त्या दोघांशिवाय कुणी जातच नव्हतं. फक्त लाइल बर्डेट."

लाइल बर्डेट साहेबांचा मुख्य सचिव. आणि त्यानं तर वर्तमानपत्रांना सांगितलं होतं की बुधवारी संध्याकाळी तो साहेबांशी बोलला.

४

नवा गव्हर्नर आला की जुन्याची माणसं खोकी भरतात. बर्डेटच्या खोलीत एकही खोकं नव्हतं. टेबलावर हॅमचं सँडविच होतं आणि भिंतीवर नवीन कॅलेंडर.

"या, या. रँडलसाहेबांनी कामाला लावलं वाटतं?" तो म्हणाला. "त्या माणसाला सांगा, गव्हर्नर व्हायचं तर मतं मोजावीत, मढी नाही."

"तुम्ही बुधवारी संध्याकाळी लायडेकरसाहेबांना भेटलात."

"भेटलो की. रोज भेटायचो. झोपायच्या आधी दिवसभराचं सांगायचो."

"काय बोलले?"

"थकले होते. 'लाइल, उद्या बोलू,' म्हणाले. डोळे मिटून रेडिओ ऐकत पडले होते. हळू आवाजात लावलेला. जनावरांच्या बाजाराचे भाव चालले होते. जन्माचे शेतकरी ना."

मी त्याला सँडविचचा एक घास खाऊ दिला.

"लाइल, गेल्या वर्षी साहेब आमच्या पोलीस समारंभाला आले होते. बँड अगदी कानाशी वाजत होता, आणि त्यांनी मला विचारलं, बँड कधी सुरू होणार?"

त्याचा जबडा थांबला.

"साहेबांच्या घरचा रेडिओ रस्त्यापलीकडं ऐकू जायचा," मी म्हणाले. "शेजारच्या चर्चमधल्या पाद्र्यांनी तक्रार केली होती, प्रार्थनेत डुकरांचे भाव मिसळतात म्हणून. तो माणूस हळू आवाजात रेडिओ ऐकत नव्हता. त्याला तो ऐकूच आला नसता. हळू रेडिओ लावणारं दुसरं कुणीतरी होतं. आणि आत जाऊन साहेबांना बघितलं असतंत तर हे तुमच्याही लक्षात आलं असतं, तुम्ही दाराच्या बाहेरच होता."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. खाली अंगणात झेंडा अजून अर्ध्यावर होता.

"मी आत गेलो नाही," शेवटी तो म्हणाला. "बाईसाहेबांनी दार बोटभर उघडलं. म्हणाल्या, झोपलेत. मी परत फिरलो. बस्स."

"मग खोटं का सांगितलंत?"

"गुरुवारी सकाळी बातमी आली तेव्हा मी आधी रडलो. देवाशपथ रडलो. मग चेहरा धुतला, आणि आरशात बघताना डोक्यात आलं, बुधवार उलटला! क्रेनला दोन्ही टर्म मिळणार. क्रेन राहिला तर मी राहतो. बुधवारी संध्याकाळी साहेब बोलले असं कुणी सांगितलं तर विषयच संपतो. म्हणून मी सांगितलं." त्यानं सँडविच बाजूला सारलं. "त्यांच्याचकडं शिकलो हो. ते असते तर पाठ थोपटली असती माझी."

"तुम्हाला माहीत होतं, ते आधीच गेलेत?"

"नाही. पण एक सांगू? मला माहीत करून घ्यायचं नव्हतं." मग तो माझ्याकडं वळला. "दारात अजून एक माणूस उभा राहिला होता बुधवारी. माझ्या आधी. नवे गव्हर्नर."

५

डेल्बर्ट क्रेन मला गव्हर्नरच्या कचेरीत भेटला नाही. आपल्या जुन्या, लहान खोलीतच बसत होता. त्याचा बाप खाणीत गाडला गेला तेव्हा तो पोरवयात होता. लायडेकरांनी त्याला वकील केलं, उमेदवार केलं, आणि शेवटी दुय्यम गव्हर्नर केलं. स्वतःचं मूल जगलं नव्हतं त्यांचं.

मी सरळ विचारलं. तो एकदम भडकला.

"मी? मी त्यांचं मढं लपवलं, खुर्चीसाठी? सार्जंट, तोंड सांभाळा!"

"तुम्ही बुधवारी त्यांच्या दारात गेला होता."

"संत्री घेऊन गेलो होतो! त्यांना आवडायची म्हणून. बर्फातून चालत गेलो, गाडी निघेना." त्याचा आवाज खाली आला. "ॲल्थियाकाकूंनी पिशवी घेतली. आत येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. दाराखालून पायांवर गार वारा आला. मी म्हटलं, काकू, खिडकी लावा, त्यांना बाधेल. तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला. म्हणाल्या, 'आता नाही बाधणार, बाळा.'"

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आत्ता ऐकू आलं असावं.

"त्यांनी सांगितलंच होतं मला," तो म्हणाला. "आणि मी 'बरं' म्हणून निघून आलो."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मंगळवारी?"

"तसंच दिसतंय."

"मग मंगळवार लिहा. माझी एक टर्म जाईल, जाऊ दे." हे बोलताना त्याची मूठ मात्र आवळलेली होती. संत नव्हता तो. "पण काकूंना या कलमातलं काय कळतं? त्यांना राजकारणाचा तिटकारा होता. त्यांनी असं का केलं असेल?"

मलाही तेच कळत नव्हतं. खोलीत फक्त त्याच होत्या, तेव्हा लपवलं त्यांनीच, यात शंका उरली नव्हती. जिवंत नवऱ्याच्या उशाशी पाण्याचा बर्फ होऊ देणारी बाई ती नव्हे. पण दोन उत्तरं होती आणि दोन्ही अर्धी. राजकारणासाठी केलं म्हणावं, तर काम बुधवारी दुपारीच झालं होतं. मग आणखी एक आख्खी रात्र कशाला? आणि मायेपोटी, सोडवेना म्हणून केलं म्हणावं, तर मग रेडिओ कशाला? माया करणारा दार लावून घेतो. बाहेरच्यांना ऐकवायला रेडिओ लावायचं त्याला सुचत नाही. ते शिकवावं लागतं.

कुणीतरी शिकवलं होतं.

६

गव्हर्नर निवास सोडायला नियमानं महिना मिळतो. ॲल्थिया लायडेकर दफनाच्या दिवशीच टॉलिव्हरला राहिल्या होत्या, परत आल्याच नाहीत. मी गेले तेव्हा त्या मळ्यावरच्या घरात, मागल्या पडवीच्या उन्हात, काळे अक्रोड फोडत बसल्या होत्या. ओट्यावर शेजाऱ्यांनी आणलेली झाकलेली भांडी तशीच पडली होती.

"बस," त्या म्हणाल्या. "हात काळे होतील, पण फोडू लाग. हा अक्रोड भारी चिवट. ऑरिनला याचा केक लागायचा."

मी हातोडी घेतली. जरा वेळानं म्हणाले, "बाईसाहेब, ॲटर्नी जनरल कबर उकरायला निघालेत."

त्यांचा हात थांबला.

"का?"

"साहेब कधी गेले ते बघायला."

"त्याला उकरायचं कशाला? मला विचारायचं." त्यांनी टरफलं ओच्यातून झटकली. "मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी मला सूप आणून दिलं. मंगळवारी गेला तो. बर्फ पडायला लागलं तेव्हा. दिवेलागणीला."

इतकं सोपं. मी सगळे दिवस कवळ्या आणि रेडिओ जुळवत होते.

"बाईसाहेब, तुम्हाला कुणी सांगितलं लपवायला? बर्डेट?"

त्या हसल्या. "लाइल? त्याचं नाव घेतलं होतं ऑरिननं. 'लाइलला आत घेऊ नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही,' म्हणाला."

मी हातातला अक्रोड खाली ठेवला.

"त्याला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "श्वास लागला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं, डॉक्टरला बोलावते. नको म्हणाला. माझा हात धरला. आम्ही लग्न केलं तेव्हा तो काउंटीच्या निवडणुकीला उभा होता. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी एक निवडणूक. आमची रूथ घटसर्पानं गेली तेव्हा तो तीन गावं पलीकडं भाषण करत होता. माझी तक्रार नाही. पण मी वाट बघितली हं. ही टर्म संपली की कायद्यानं त्याला परत उभं राहता येणार नव्हतं. लोक म्हणायचे, हे कलम काढून टाका, लायडेकरांना तिसऱ्यांदा येऊ द्या. आणि मी रोज रात्री देवाला म्हणायची, ते कलम राहू दे. ते एकच कलम माझ्या बाजूचं होतं."

एक कोंबडी पडवीत चढली. त्यांनी तिला हाकललं नाही.

"तर त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मला. तर म्हणाला, 'ॲल्थिया, बुधवारी दुपारपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस. डेल्बर्टला दोन्ही टर्म मिळायला हव्यात. खिडकी उघडी ठेव. रेडिओ लाव.' मी म्हटलं, बरं. म्हटलं, आणखी काही, ऑरिन? तेव्हा त्यानं लाइलचं सांगितलं." त्यांनी हातोडी उचलली, पुन्हा ठेवली. "मी आणखी वाकले. वाटलं, अजून काहीतरी राहिलं असेल. पण नव्हतं राहिलं."

ऊन पडवीवरून सरकत होतं. मला वर बघवेना.

"मग मी त्यानं सांगितलं तसं केलं. रेडिओ लावला, पण मोठा नाही लावला. जन्मभर तो आवाज सहन केला होता. सकाळी त्याची दाढी केली, रोजच्यासारखी. हात हलला आणि कापलं. मी पटकन टॉवेल दाबला. काढून बघते तर काहीच नाही. थेंबसुद्धा नाही. तोवर मी मनाशी म्हणत होते, झोपलाय. तिथं कळलं."

"आणि दुपार झाल्यावर? त्यांचं काम तर झालं होतं. तेव्हा का नाही फोन केलात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडा ताठा आला.

"दुपारपर्यंत मी त्याचं ऐकलं. पुढची रात्र माझी होती. कुणी दार वाजवलं तरी मी नाही म्हणू शकत होते. त्याला कुठं जायचं नव्हतं. मी खुर्ची पलंगाला लावली, दोन गोधड्या अंगावर घेतल्या, आणि मनात साठलेलं सगळं त्याला सांगितलं. रूथचंही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मधे तोडलं नाही."

७

कबर उकरावी लागली नाही. ॲल्थियाबाई स्वतः राजधानीत आल्या आणि शपथेवर सांगितलं. रँडलसाहेबांनी तारीख ऐकली तेव्हा त्यांनी आनंद लपवायचा प्रयत्न तरी केला. मग त्यांनी विचारलं, "बाईसाहेब, हे लपवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

ती खोली भरलेली होती. बर्डेट भिंतीला टेकून उभा. व्हिटलो डॉक्टर मान खाली घालून. मी दाराशी. बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला सोडवेना. म्हातारी बाई आहे मी."

खोलीत नाकं ओढल्याचे आवाज आले. रँडलसुद्धा क्षणभर कागदांत बघत राहिला. म्हातारीला शिक्षा करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. तारीख दुरुस्त झाली. क्रेनची एक टर्म गेली. लायडेकरांनी शेवटचा श्वास खर्चून जे मिळवलं होतं, ते त्यांच्या बायकोनं एका वाक्यात परत देऊन टाकलं, आणि त्याच दमात त्यांचं नावही वाचवलं.

बाहेर व्हरांड्यात डेल्बर्ट क्रेन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. गव्हर्नर होता, पण टोपी हातात घेऊन शाळकरी पोरासारखा.

"काकू, शेवटी काही बोलले का ते?"

पत्रकार मागं उभे होते. ॲल्थियाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मलाही दिसत होतं. त्याचं नाव निघालं होतं का, एवढंच त्याला हवं होतं. निघालं होतं. पण कशात निघालं होतं, ते त्याला कसं सांगणार?

"तुझं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. तो रडायला लागला. त्यांनी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

"आणि मला म्हणाला," त्या म्हणाल्या, आणि इथं त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला, "मला म्हणाला, 'ॲल्थिया, दमलीस तू. जरा बस माझ्याजवळ.'"

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच वाक्य होतं. पाद्री ते लग्नांत सांगायला लागले. टॉलिव्हरच्या बायकांनी ते एका गोधडीवर भरलं, ती गोधडी अजून काउंटीच्या कचेरीत भिंतीला आहे.

मी पुढं बऱ्याचदा त्या मळ्यावर जायची. अक्रोड फोडायची, परत यायची. आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाच बोललो. त्यांची दृष्टी तेव्हा गेली होती, माणसं आवाजावरून ओळखायच्या.

"नीव्हा," त्या म्हणाल्या, "खरं सांग. त्यानं म्हटलं असेल का गं तसं? मला ऐकू आलं नसेल?"

"म्हटलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि अंदाजानं हात पुढं करून मला जवळची खुर्ची दाखवली.